बावीस मिनिटांची ओहोटी

बावीस मिनिटं म्हणजे काही फार वेळ नाही. आमच्या बँकेत तेवढ्यात एक डिमांड ड्राफ्ट निघतो, अर्थात काउंटरवरचा माणूस चहाला गेला नसेल तर. सुरतेचा माणूस तेवढ्यात एक प्लेट लोचो संपवून दुसरीवर तेल जास्त घालायला सांगतो. पण मी गिटारवर बसवलेली बावीस मिनिटांची रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये तोंड न उघडता ऐकेल असा एक माणूस मला या शहरात अकरा वर्षांत भेटला नव्हता. यात माझी बायको सुरेखाही आली. तिची मजल आठव्या मिनिटापर्यंत गेली होती, तीही गवार निवडत असल्यामुळे.

रचनेचं नाव 'ओहोटी'. सुरतेत तापीला समुद्राची ओढ लागते आणि दिवसातून दोनदा पाणी मागे सरून गाळ उघडा पडतो, तेवढंच त्यात आहे. गाणं नाही, ढोल नाही, विजेची वायर नाही. एक गिटार, चार भाग, सात मात्रांचा ताल आणि तिसऱ्या भागात अकराचा. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. बडोद्याला हॉस्टेलमध्ये असताना खोलीतल्या मित्रामुळे हे वेड लागलं. रॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर केस वाढवलेला आणि किंचाळणारा माणूस येतो. माझे केस तेव्हाच विरळ होते आणि किंचाळण्याचं काम आमच्या शाखेत मॅनेजर करायचे, म्हणून मी सौम्य बाजूला गेलो.

सन शहाण्णवच्या मार्चमध्ये माझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अडकायला लागलं. वाकलं की वाकलेलंच राहायचं, मग दुसऱ्या हाताने धरून सोडवायचं. डॉक्टरांनी जूनअखेरची तारीख दिली. म्हणाले, "छोटं ऑपरेशन आहे. बोट सरळ होईल." मी विचारलं, गिटार वाजवता येईल का? त्यांनी विचारलं, तुम्ही करता काय? बँकेत आहे म्हटल्यावर ते निश्चिंत झाले. "सही उजव्या हाताने करता ना? मग काही प्रश्न नाही." अशा तऱ्हेने माझ्या कलाजीवनाचा निकाल लागला. पुढच्या पेशंटला आत बोलावलं गेलं.

म्हणून मी ठरवलं, जूनच्या आत 'ओहोटी'ची कॅसेट काढायची. बोट गेलं तरी कॅसेट राहील, आणि ती पुरेशा लोकांकडे पोचली तर त्यातला कुणी तरी एक दिवस ती पूर्ण ऐकेल. माझी अपेक्षा एका माणसाची होती. यापेक्षा नम्र कलाकार मला तरी माहीत नाही.

शेजारी ही गोष्ट कळायला अर्धा दिवस लागला. आमच्या शांतीवन सोसायटीत भिंती जाड आहेत, पण दारं दिवसभर उघडी असतात. समोरच्या ब्लॉकमधले ठाकोरभाई साडीच्या मार्केटमध्ये दुकान चालवतात आणि वीस वर्षं मराठी शेजाऱ्यांत राहून त्यांची भाषा कुठल्या कुठे गेली आहे. ते लगेच चौकशीला आले.

"श्रीकांतभाई, गाणार कोण?"

"कोणी नाही."

"तो ढोलक?"

"ढोलकही नाही."

"मग पब्लिक शुं करणार?"

"ऐकणार."

 ठाकोरभाई उठून स्वयंपाकघरात गेले आणि घरात सगळं बरं आहे ना, असं सुरेखाला हळू आवाजात विचारून आले.

सोसायटीचे चेअरमन नेहेतेसर म्हणजे म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. त्यांचा सल्ला व्यवहारी होता. मध्ये मध्ये साक्षरतेवर चार वाक्यं टाका, म्हणजे सरकार सगळ्या कॅसेट उचलेल. वरच्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंचं भजनी मंडळ आहे. त्यांनी दर पाच मिनिटांनी दत्ताचं नाव घ्यायला सुचवलं, कारण नुसतं तुणतुण वाजत राहिलं तर घरात दारिद्र्य येतं असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. माझा मेहुणा मंदार हजीऱ्याच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, आमच्या गेस्ट हाउसमध्ये या, तिथे एकदम शांतता असते, फक्त चिमणीतून गॅस जळतो त्याचा आवाज. या सगळ्यांचे मी आभार मानले. मध्यमवर्गीय माणसाला सल्ला नाकारता येत नाही, कारण वाटी-दीड वाटी साखर त्याच घरांतून आणायची असते.

आता परवानगीचं सांगतो. आमच्या शाखेतले धम्मपाल सोनवणे युनियनचे सेक्रेटरी. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ आहे, आणि ते शांतपणे, जणू हवामान सांगतोय असं, नियम सांगतात. म्हणाले, "साहेब, हेड ऑफिसच्या परवानगीशिवाय कॅसेट काढलीत तर चार्जशीट मिळेल. अर्ज करा. कलाविषयक कार्य, नमुना सात."

नमुना सात भरला. त्यात एक रकाना होता : 'कलाकृतीचा संपूर्ण मजकूर, तीन प्रतींत.' मी लिहिलं, 'ही वाद्यरचना असल्याने मजकूर नाही.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'मजकूर नसल्याची नोंद घेतली आहे. तथापि तो तीन प्रतींत सादर करावा.'

मी कपाळाला हात लावला. धम्मपाल म्हणाले, "कोरे कागद पाठवा." मी रचनेचे चार भाग म्हणून चार कोरे कागद, असे तीन संच नीट पिन लावून पाठवले. ते परत आले. प्रत्येक पानावर अर्जदाराची सही नव्हती. सह्या करून पुन्हा पाठवले. मग विचारणा झाली की पान दोन आणि पान तीन यांत फरक काय. मी कळवलं की पान तीन अकरा मात्रांचं आहे. यावर हेड ऑफिसचं समाधान झालं असावं, कारण पुढच्या पत्रात फक्त एवढंच होतं : 'सदर मजकूर हिंदी अनुवादासाठी राजभाषा विभागाकडे पाठवण्यात आला आहे.'

"आता वेळ लागेल," धम्मपाल म्हणाले. "तुम्ही रेकॉर्डिंग उरकून घ्या. फक्त विकू नका. फुकट वाटलेल्या वस्तूबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नाही."

रिंग रोडच्या मागे हसमुखभाईंचा स्टुडिओ होता. तिथे गरबा आणि डायरा, म्हणजे गुजराती लोकगीतांच्या मैफली, रेकॉर्ड होत. हसमुखभाई मोठे अगत्यशील गृहस्थ. त्यांनी मला काचेमागे बसवलं, हेडफोन चढवले, बोटाने खूण केली आणि मी सुरू केलं. तीन मिनिटांनी त्यांनी हात वर करून थांबवलं. "इंट्रो सरस छे," ते म्हणाले. "हवे गीत चालू करो." म्हणजे, आता गाणं सुरू करा.

हेच गीत आहे, हे त्यांना समजावून सांगण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना समजलं, पण बाहेरच्या टेम्पो स्टँडला समजलं नाही. गरब्याच्या ढोलाखाली टेम्पोचा हॉर्न दडपून जातो, त्यामुळे स्टुडिओची भिंत कशी आहे हे हसमुखभाईंना बारा वर्षांत कळायचं कारण पडलं नव्हतं. माझ्या रचनेत ओहोटी सुरू झाली की गाळात टेम्पो रिव्हर्स घेत होता. चौथ्या दिवशी हसमुखभाई स्वतःच म्हणाले, मशीन घेऊन तुमच्या घरीच येतो.

आमच्या घराबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. शांतीवन सोसायटी उधन्यात आहे आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून अठ्ठेचाळीस लूम्सचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना, आहे. पॉवरलूमच्या आवाजाचं वर्णन मी करत नाही, ज्यांनी ऐकला आहे त्यांना ओरडून सांगावं लागेल. आम्ही घरात एकमेकांशी ज्या पट्टीत बोलतो, त्याला पुण्यातले नातेवाईक भांडण समजतात. दोन पाळ्या, चोवीस तास. मी अकरा वर्षं 'ओहोटी' त्या आवाजातच रचली, आणि ती इतकी हळुवार का झाली हे मला सांगता येणार नाही. कदाचित आवाजाशी भांडण्यात अर्थ नव्हता म्हणून.

लूम अर्धा तास बंद ठेवाल का, असं विचारायला मी मागे गेलो. तिथे सुकदेव नावाचा मिस्त्री होता. धुळ्याकडचा, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, अंगभर कापसाची लव. सगळे लूम चालू ठेवणं हे त्याचं काम. मी बँकेतल्या माणसाला शोभेल अशा भाषेत विनंती केली. त्याने हाताने थांबायची खूण केली, मान किंचित वळवली आणि सरळ चालत जाऊन तिसऱ्या रांगेतला एक लूम बंद केला. मला त्या गदारोळात एका लूमचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नव्हता.

"तो लंगडी राहिनता," परत येऊन तो म्हणाला. मग माझ्या विनंतीला उत्तर दिलं. "लूम मालकना शेतस, साहेब. मना हातमा फक्त चालू ठेवनं शे. पन गुरुवारे बंद ऱ्हातस. तव्हय वाजाडा."

गुरुवारी लूम बंद असत कारण आमच्या भागाला त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नसे. म्हणजे परिस्थिती अशी, की वीज असली की लूम चालू आणि रेकॉर्डिंग अशक्य. लूम बंद असले की वीजच नाही आणि रेकॉर्डिंग अशक्य. हे मी हसमुखभाईंना सांगितलं तेव्हा माझा आवाज थोडा चिरकला. पण ते हसले. कामरेज-बारडोलीकडच्या खेड्यांतल्या डायऱ्यांसाठी त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारं मशीन होतं. खेड्यात लाइट कधी असतात, असं ते म्हणाले.

मे महिन्याचा दुसरा गुरुवार. एरवी गुरुवारी मी दिवसभर बँकेत असे, या वेळी रजा टाकली होती. पंखा नाही, खिडक्या बंद, दारावर गोधडी. आणि शांतता. अकरा वर्षांत प्रथमच मला माझ्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ मी ताबडतोब बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. मशीन लावून होईपर्यंत एक अडचण लक्षात आली. वीज नाही म्हणजे टीव्ही नाही, आणि टीव्ही नाही म्हणजे सोसायटीला काही उद्योग नाही. ठाकोरभाई सहकुटुंब आले. नेहेतेसर पुठ्ठ्याचा पंखा घेऊन आले. वत्सलाबाई मंडळातल्या दोघींना घेऊन आल्या. प्रत्येकाने शपथेवर सांगितलं की आम्ही आवाज करणार नाही. सुकदेवही आला आणि दारातल्या चपलांपाशी भिंतीला टेकून बसला.

पहिल्या खेपेला सहाव्या मिनिटाला ठाकोरभाई "वाह" म्हणाले. कलाकाराला दाद द्यायची असते, एवढं त्यांना माहीत होतं आणि ती योग्य वेळी द्यावी म्हणून ते सहा मिनिटं तयारीत बसले होते. दुसऱ्या खेपेला नेहेतेसरांचा पुठ्ठा. तिसऱ्या खेपेला वत्सलाबाईंनी कुजबुजत विचारलं, "हे तेच चाललंय का अजून?" आणि मशीनने ते इतकं स्वच्छ टिपलं की हसमुखभाईंनी कौतुकाने मला पुन्हा ऐकवलं. चौथी खेप कुल्फीवाल्याने घेतली. मग लोकांना उकडायला लागलं आणि एकेक करून ते सगळे गच्चीवर निघून गेले, जाताना "छान चाललंय, चालू द्या" असं प्रत्येक जण म्हणत गेला. पाचव्या खेपेला खोलीत हसमुखभाई होते, ते झोपले होते. चपलांपाशी सुकदेव होता, त्याचे डोळे मिटलेले होते, म्हणून तोही झोपला असं मी धरून चाललो. 'ओहोटी' बावीस मिनिटांत पूर्ण झाली. सुरेखा त्या वेळी गच्चीवर सगळ्यांना कैरीचं पन्हं देत होती.

कॅसेट शंभर काढायच्या ठरल्या. टेप उत्तमातली उत्तम निवडली, कारण हळू सुरांत टेपचा खरखराट ऐकू येतो. शेवटच्या दिवशी हसमुखभाईंनी विचारलं, "मागचे तुकडे तोडून टाकू ने?" कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक चौकोनी तुकडे असतात. ते तोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. बाजारातल्या सगळ्या गाण्यांच्या कॅसेटचे ते तोडलेले असतात. मी म्हटलं, "छे, छे. नवी कोरी वस्तू मोडून कशी द्यायची लोकांना?" माझ्या आईवडिलांनी पाहुण्यांना कधी कड गेलेल्या कपातून चहा दिला नाही, आणि मी लोकांच्या हाती तुटकी कॅसेट देणार? हे माझे संस्कार. त्यांची शिक्षा मी पुढे भोगली.

कॅसेट वाटल्या. सोसायटीत, शाखेत, मंदारच्या कारखान्यात, नवागामच्या महाराष्ट्र मंडळात. सुकदेवलाही एक दिली, कारण त्याने मागितली. मनात म्हटलं, गेली ही. हा त्यावर लावण्या भरणार. माझ्या मनात हे आलं, हे मी लपवत नाही. मग जूनमध्ये ऑपरेशन झालं. बोट खरंच सरळ झालं. इतकं सरळ की 'ओहोटी'च्या दुसऱ्या भागातली एकही पकड आता त्याला साधत नाही. मी गिटार कपाटावर ठेवली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उजव्या हाताने सह्या करत राहिलो.

कॅसेटबद्दल कोणी काही बोललं नाही. दीड वर्ष गेलं.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात हेड ऑफिसचं पत्र आलं. 'आपणांस सदर कलाकृती सादर करण्यास परवानगी देण्यात येत आहे. पंधरा दिवसांत तिची एक प्रत जमा करावी. अन्यथा परवानगी मुळातच दिली नव्हती असे समजून खुलासा मागवण्यात येईल.' मला खरं तर आनंद झाला. हेड ऑफिसातल्या कोणाला तरी ती ऐकावी लागणार होती. सरकारी काम म्हणून का होईना, पण शेवटपर्यंत.

घरची कॅसेट काढून लावली. पहिली दोन सेकंदं शांतता, आणि मग सतरा बायकांनी भोंडल्याचं गाणं सुरू केलं.

सुरेखा दारात आली. "अहो, मंडळाचा भोंडला होता ना ऑक्टोबरात. घरात दुसरी कॅसेट नव्हती." मग म्हणाली, "मला वाटलं, तुमच्याकडे अजून असतील." ती खरंच वरमली होती. माझ्याकडे अजून नव्हत्या. ही एक सोडून सगळ्या मी वाटल्या होत्या, कारण एक माणूस शोधायचा होता.

मूळ टेपसाठी हसमुखभाईंकडे धावलो. त्यांनी शोधून काढली, लावली, आणि आम्ही दोघांनी उभ्या उभ्या एक पूर्ण गरबा ऐकला. "एक वरस कोई लेवा ना आव्यु," ते म्हणाले. एक वर्ष कोणी न्यायला आलं नाही तर टेपचं माणसाने करायचं काय?

मग दारोदार फिरणं आलं. आपलीच भेट दिलेली वस्तू परत मागताना चेहरा कसा ठेवायचा, हे आम्हाला घरी शिकवलं नव्हतं. नेहेतेसरांनी मोठ्या अभिमानाने कॅसेट लावली आणि माझ्यासमोर त्यांच्या नातवाचं बारसं झालं. पाळणा, कुर्र, आत्याबाई, सगळं. "आवाज किती स्वच्छ आलाय बघा," ते म्हणाले. "टेप चांगली निवडलीत तुम्ही." ठाकोरभाईंच्या कॅसेटवर त्यांच्या साडी सेलची जाहिरात होती. रिक्षावर कर्णा लावून ती सगळ्या उधन्यात फिरली होती, म्हणजे माझी कॅसेट बाकी काही नाही तरी शहरभर वाजली. वत्सलाबाईंकडे दत्ताची भजनं होती. त्यांनी सुचवल्याप्रमाणेच अखेर झालं. मंदारने एका बाजूला क्रिकेटची कॉमेंटरी भरली होती आणि दुसऱ्या बाजूला काय भरलं ते सांगायला तो तयार नव्हता. धम्मपाल तेवढे प्रामाणिक. म्हणाले, "साहेब, युनियनची सभा अचानक ठरली. पण त्याआधी मी ऐकली होती. पाच मिनिटं." मी त्यांचे आभार मानले. पाच मिनिटांना आमच्याकडे तोवर किंमत आली होती.

चौदा दिवस असे गेले. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. शंभर माणसांच्या घरात मी अकरा वर्षं घालून काही तरी नेऊन ठेवलं, आणि त्या शंभर जणांना त्या जागी मोकळी जागा दिसली. यात त्यांची चूक असती तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेता आला असता.

पंधराव्या दिवशी गुरुवार होता, मी रजा टाकली. यादीत एकच नाव उरलं होतं आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सुकदेवकडे मिळणार नाही याची खात्री होती, पण राहिलं असं नको व्हायला. बदल्यात द्यायला एक कोरी कॅसेट खिशात घातली आणि भिंतीपलीकडे गेलो. लूम बंद होते. खात्याच्या मागे चाळीच्या खोल्या होत्या, तिसरी त्याची. दार उघडं होतं. त्याची बायको कलाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने हात वर केला.

"थांबा, साहेब. चालू शे."

आतून 'ओहोटी' ऐकू येत होती. दुसऱ्या भागाची सुरुवात. सेलवरचा छोटा टेपरेकॉर्डर फळीवर होता, सुकदेव खाली मान घालून, डोळे मिटून बसला होता. मला माझ्याच कॅसेटसाठी दाराबाहेर थांबवून ठेवण्यात आलं होतं, आणि मी चपला हातात घेऊन उभा राहिलो. शेजारच्या खोलीतून एक म्हातारी काही विचारायला आली, तिलाही कलाबाईने हातानेच परत पाठवलं. चांगली पंधरा-सोळा मिनिटं मी तसा उभा होतो. माझ्या बोटांना आता जे येत नाही ते सगळं त्या फळीवरून येत होतं. मला रडू आलं. उधन्यातला बँकेचा ऑफिसर चाळीच्या दारात रडताना दिसणं बरं नाही, म्हणून मी नाक शिंकरल्याचं नाटक केलं, आणि कलाबाईने त्यालाही हात वर केला.

संपल्यावर सुकदेवने डोळे उघडले. मला पाहून तो गडबडीने उठला, सतरंजी झटकली. चहा टाकायला सांगितलं. मग मी विचारायच्या आतच तो संकोचून म्हणाला, "एक सांगू का साहेब, राग नका मानज्यात. तिसरा भागमा एक जागावर ठोका सुटस. दर गुरुवारे तठेच सुटस. मी पह्यले समजनू, मनी मशीन बिघडनी."

तो बरोबर होता. अकराच्या तालात, पाचव्या खेपेला, माझं बोट एकदा अडकलं होतं आणि एक मात्रा पडली होती. खोलीतली दोन्ही माणसं झोपली आहेत असं धरून मी तशीच पुढे रेटली होती. हे मी सुरेखालासुद्धा सांगितलेलं नाही. माझा अपमान व्हायला हवा होता. बाकी सगळ्यांकडून झाला तसा इथेही झाला असता तर हिशेब सरळ राहिला असता. पण त्या माणसाला मिठी मारावी असं मला वाटत होतं आणि हातात चहाचा कप होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "बोट अडकलं होतं."

"मंग ठीक," तो म्हणाला. त्याचं समाधान झालेलं दिसलं. "हप्ताभर कानमा लूम ऱ्हातस. गुरुवारे हाई."

काही काम होतं का, असं त्याने दोनदा विचारलं. सहज आलो होतो, असं मी दोनदा सांगितलं. मागितली असती तर त्याने दिली असती, आणि एक दिवसासाठी नेऊन कॉपी करता आली असती, हेही मला कळत होतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये नेलेली कॅसेट संध्याकाळपर्यंत टिकेल याची मला खात्री नव्हती. कोरी कॅसेट खिशात तशीच होती.

हेड ऑफिसला मी त्याच दुपारी नेहेतेसरांकडून मागून आणलेलं त्यांच्या नातवाचं बारसं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. दोन महिन्यांनी पोच आली : 'सदर कलाकृती ऐकण्यात आली. राजभाषा विभागाने केलेल्या अनुवादाशी ती जुळते. हरकत नाही.' ती फाइल आता बंद आहे.

त्या दिवशी मात्र मी चाळीतून घरी आलो तेव्हा सुरेखा दारातच उभी होती. भोंडल्याची कॅसेट तिने पंधरा दिवस टेबलावर उघडी ठेवली होती, कोणी तरी रागावेल याची वाट बघत.

"मिळाली का हो एखादी?"

"मिळाली."

"मग आणली नाहीत?"

"नाही," मी म्हटलं. "ती त्याला लागते."